पहारा कोणत्या दाराशी?

तापीकाठचे बुऱ्हाणपूर हे शहर फारूकी सुलतानांची राजधानी म्हणून आणि पुढे मोगलांचे दक्षिणेकडील ठाणे म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहे. परंतु या शहराचे वैभव जमिनीच्या वर जितके आहे, तितकेच जमिनीच्या पोटातही आहे. शहराबाहेर सातपुड्याच्या बाजूस गेले की ठराविक अंतरावर एका ओळीत बांधलेली गोल तोंडे दिसू लागतात. प्रथमदर्शनी त्या विहिरी वाटतात. वस्तुतः त्या विहिरी नव्हेत. खालून वाहणाऱ्या एका लांब भुयाराच्या त्या खिडक्या आहेत. हाच तो कुंडी भंडारा. इ. स. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या अमदानीत, सातपुड्याकडून तापीकडे जमिनीखालून झिरपत जाणारे पाणी वाटेत गाठून केवळ उताराच्या बळावर शहरास पुरविण्याची ही योजना झाली. अशा एकूण आठ योजना येथे होत्या. त्यांतील कुंडी भंडाऱ्यास शंभराहून अधिक कुंड्या आहेत. ज्यांनी छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिली असेल, त्यांना जमिनीखालून आणलेल्या पाण्याची ही विद्या अपरिचित वाटणार नाही. जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत २०२४ साली या भंडाऱ्याचा समावेश झाला आहे.

या कुंड्यांचा उपयोग काय? भुयार खणताना माती वर काढण्यास, आत हवा खेळती राहण्यास, गाळ व चुन्याचे थर काढण्यासाठी माणूस उतरविण्यास आणि पाणी नीट वाहते आहे की नाही हे पाहण्यास. या शेवटच्या उपयोगाकडे थोडे लक्ष द्यावे. एखाद्या कुंडीतून जो डोकावतो, त्याला पाणी दिसते हे खरे. पण त्या एका कुंडीखालचे. समजा, मध्येच कोठे भुयार चोंदले. वरच्या अंगाच्या कुंडीतून पाहणारा म्हणेल, 'पाणी वाढले आहे.' खालच्या अंगाच्या कुंडीतून पाहणारा म्हणेल, 'पाणी आटले आहे.' दोघेही खरेच बोलत आहेत, आणि दोघांपैकी एकाच्याही बोलण्यावरून भुयाराची खरी अवस्था कळत नाही. ती कळावयाची तर कोण कोणत्या कुंडीशी उभा राहून बोलतो आहे, हे आधी ठाऊक असावे लागते.

आजच्या बुऱ्हाणपुरात आणखी एक जाळे पसरलेले आहे. ते पाण्याचे नव्हे, संदेशांचे आहे. पॉवरलूम मालकांच्या पेढ्या, केळीचे व्यापारी, बँका, दवाखाने, शाळा या सर्वांचे संगणक तारांनी व वाय-फायने एकमेकांस जोडलेले आहेत. या जाळ्यालाच नेटवर्क म्हणतात. त्यावर नजर ठेवण्यासाठी जे सॉफ्टवेअर वापरतात, त्याची मांडणी कशी करावी, आणि विशेषतः ज्या संगणकास एकाहून अधिक जोडण्या आहेत त्याच्यावर ती कशी करावी, हा प्रस्तुत विषय आहे. विषय यंत्राचा असला तरी त्याचे मर्म कुंडीशी उभ्या असलेल्या त्या दोन माणसांच्या गोष्टीतच आहे.

प्रथम काही मूलभूत गोष्टी ध्यानात घेऊ. नेटवर्कवरून जाणारा मजकूर अखंड धारेने जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे केले जातात. टपालातील पाकिटाप्रमाणे प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. म्हणून त्यास पाकीटच म्हणू. संगणकाला तार ज्या ठिकाणी जोडली जाते, किंवा वाय-फायच्या लहरी ज्या भागात पकडल्या जातात, त्यास नेटवर्क इंटरफेस असे नाव आहे. त्यास येथे सोयीसाठी 'दार' म्हणू. घरातल्या साध्या संगणकालाही बहुधा दोन दारे असतात, एक तारेचे आणि एक वाय-फायचे. शिवाय प्रत्येक संगणकात एक आतले दार असते. त्याचा पत्ता १२७.०.०.१ असा आहे. त्या दाराने संगणक स्वतःशीच बोलतो. बाहेरचे कोणी त्यातून आत येऊ शकत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पत्ता संगणकाला असतो, असे सामान्यतः समजले जाते. वास्तविक पत्ता दाराला असतो. एका संगणकास तीन दारे असतील, तर त्याचे तीन पत्ते असतात. बुऱ्हाणपूरच्या जुन्या तटबंदीला शनवारा दरवाजा आहे, तसाच इतवारा दरवाजाही आहे. शहर एकच, पण शनवारा दरवाजाशी बसलेल्या चौकीदारास इतवारा दरवाजाने किती गाड्या आत आल्या हे कसे कळावे? अनेक दारांच्या संगणकावर देखरेखीचे सॉफ्टवेअर बसविताना जे घोटाळे होतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या साध्या गोष्टीच्या विस्मरणात असते.

विवेचन स्पष्ट व्हावे म्हणून एका शाळेची कल्पना करू. तिच्या कार्यालयात एक मध्यवर्ती संगणक आहे आणि त्यास तीन दारे आहेत. पहिल्या दाराने फायबरची इंटरनेट जोडणी येते. दुसऱ्या दारातून निघालेली तार संगणक प्रयोगशाळेच्या स्विचकडे जाते. तेथे मुलांचे तीस संगणक आहेत. तिसऱ्या दारावर कार्यालयाचे संगणक आहेत आणि त्यांवर फीचे हिशेब, निकाल व दाखले ठेवलेले आहेत. परीक्षेचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस आहे. पडद्यावर देखरेखीचे सॉफ्टवेअर हिरवा दिवा दाखवीत आहे, आणि प्रयोगशाळेत मात्र एकाही मुलाचा अर्ज पुढे सरकत नाही. दिवा हिरवा आहे म्हणून कोणी उठत नाही. संध्याकाळी मुदत संपते. दिवा खोटे बोलत होता काय? नाही. तो पहिल्या दाराविषयी बोलत होता, आणि तक्रार दुसऱ्या दाराची होती. यंत्राची चूक नव्हती, मांडणीची होती. परंतु नुकसान मुलांचे झाले.

देखरेखीची साधने स्थूलमानाने दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार म्हणजे दारातून जाणारी पाकिटे न्याहाळणारी साधने. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९८८ साली तयार झालेले टीसीपीडंप हे त्यांतील जुने व आजही वापरात असलेले साधन होय. जेराल्ड कोम्ब्स यांनी १९९८ साली इथेरियल नावाचे सॉफ्टवेअर प्रसिद्ध केले. तेच २००६ पासून वायरशार्क या नावाने ओळखले जाते. दुसरा प्रकार म्हणजे ठराविक वेळाने विचारपूस करणारी साधने. माइक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात लिहिलेले पिंग हे त्यांतील सर्वांत साधे. 'आहेस काय?' एवढेच ते विचारते. यंत्रांना 'तुझ्या दारातून किती माल गेला?' असे विचारण्याची एस.एन.एम.पी. नावाची सर्वमान्य रीत १९८८ साली ठरली. नागिओस, झॅबिक्स यांसारखी सॉफ्टवेअरे अशी विचारपूस अहोरात्र करीत राहतात आणि उत्तर न आल्यास सूचना देतात. पहिला प्रकार चौकीदाराचा, तर दुसरा गस्तवाल्याचा. दोघांच्याही मांडणीत दारांचा विचार करावा लागतो, पण तो निरनिराळ्या रीतीने.

मांडणीची पहिली पायरी म्हणजे दारांची यादी. संगणकास किती दारे आहेत, प्रत्येकाचे नाव काय, पत्ता काय आणि त्यातून निघालेली तार कोठे जाते, हे एका कागदावर लिहून काढावे. हे काम क्षुल्लक वाटते, पण ते टाळल्याने पुढचे सर्व काम डळमळीत होते. लिनक्स प्रणालीत पूर्वी दारांना ईथ-०, ईथ-१ अशी नावे ती ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने मिळत. संगणक पुन्हा सुरू केल्यावर हा क्रम बदलण्याचा संभव असे. मग कालचे प्रयोगशाळेचे दार आज कार्यालयाचे ठरे, आणि पहारेकरी बिनदिक्कत चुकीच्या दाराशी बसे. २०१३ पासून अनेक लिनक्स प्रणालींत दाराला त्याच्या यंत्रातील जागेवरून नाव देण्याची पद्धत आली, त्यामुळे हा धोका कमी झाला. तथापि विचारपुशीच्या यादीत दारांना जे क्रमांक असतात, ते यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर बदलू शकतात. म्हणून क्रमांकावर विसंबू नये. दाराचे नाव व वर्णन नोंदवावे, आणि प्रत्येक तारेवर चिठ्ठी बांधावी. दोरीने बांधलेल्या या चिठ्ठीने पुष्कळ घोटाळे वाचतात.

दुसरी पायरी दाराची निवड. पाकिटे न्याहाळणारे सॉफ्टवेअर सुरू करताना ते कोणत्या दाराशी बसवावयाचे हे सांगावे लागते. सांगितले नाही, तर टीसीपीडंपसारखे साधन यादीतील पहिले चालू दार आपण होऊन निवडते. ते दार रिकामे असेल तर पडदा कोरा राहतो, आणि नवशिका मनुष्य समजतो की नेटवर्कवर काही हालचालच नाही. म्हणून प्रश्न आधी ठरवावा आणि मग दार. बाहेरची जोडणी भरून गेली आहे काय, असा प्रश्न असेल तर पहिले दार. प्रयोगशाळेतला कोणता संगणक अवाजवी माल ओढतो आहे, असा प्रश्न असेल तर दुसरे दार. हाच दुसरा प्रश्न पहिल्या दाराशी बसून विचारला, तर उत्तर मिळणार नाही. कारण सामान्यतः मध्यवर्ती संगणक आतल्या सर्व संगणकांची पाकिटे बाहेर पाठविताना त्यांवर स्वतःचाच पत्ता घालतो. बाहेरच्या दाराशी बसलेल्यास तीसही संगणक एकच दिसतात.

मग सर्व दारांशी एकदम पहारा का बसवू नये? तशी सोय आहे, आणि तिचा मोहही पडतो. पण तीत तीन अडचणी आहेत. प्रयोगशाळेतून निघून इंटरनेटकडे जाणारे पाकीट दुसऱ्या दाराने आत येते व पहिल्या दाराने बाहेर पडते. सर्व दारे पाहणारा त्याची दोनदा मोजणी करतो, आणि एकूण वाहतूक दुप्पट दिसते. कुंडी भंडाऱ्याच्या दोन कुंड्यांतून तेच पाणी मोजून त्यांची बेरीज करावी, तसा हा प्रकार. शिवाय दोन्ही वेळा त्याच पाकिटावर वेगवेगळे पत्ते असल्याने ते एकच आहे हे चटकन लक्षातही येत नाही. तिसरी अडचण अशी की, दुसऱ्यांच्या नावाची पाकिटेही उचलून पाहण्याची जी विशेष अवस्था दाराला देता येते, ती 'सर्व दारे' या पर्यायात लिनक्सवर लागू होत नाही. तेव्हा सर्व दारांची दृष्टी प्रथम अंदाज घेण्यापुरती ठीक; हिशेबासाठी मात्र एकेक दार स्वतंत्र पाहावे आणि प्रत्येकाची नोंद वेगळी ठेवावी.

योग्य दाराशी बसलेल्या पहारेकऱ्यालाही सर्व दिसते असे नाही. पूर्वी संगणक जोडण्यासाठी हब वापरीत. हबमध्ये आलेले पाकीट तो सर्वांकडे पाठवी, त्यामुळे कोठूनही बसून सर्वांचे बोलणे ऐकता येई. आजचा स्विच तसे करीत नाही. ज्याचे पाकीट त्यालाच तो देतो. प्रयोगशाळेतील दोन संगणक आपसात बोलू लागले, तर ते बोलणे स्विचमधल्या मध्ये संपते. मध्यवर्ती संगणकाच्या दारापर्यंत ते येतच नाही. ते पाहावयाचेच असेल, तर स्विचच्या एका तोंडावर बाकीच्या तोंडांवरील वाहतुकीची नक्कल पाठविण्याची व्यवस्था करावी लागते. चांगल्या प्रतीच्या स्विचमध्ये ही सोय असते, स्वस्त स्विचमध्ये नसते. आणि एवढे करूनही आज बहुतेक पाकिटांतील मजकूर कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक लिपीत असतो. पत्ता दिसतो, वेळ दिसते, आकारमान दिसते. आतले पत्र दिसत नाही, आणि देखरेखीच्या कामाला ते दिसण्याची गरजही नसते.

आता गस्तवाल्याकडे, म्हणजे विचारपूस करणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळू. येथे प्रश्न कोणत्या दाराने बाहेर पडतो, हे पाहिले पाहिजे. ते ठरविणारा एक तक्ता प्रत्येक संगणकात असतो. अमक्या पत्त्यांसाठी अमके दार, आणि बाकी सर्वांसाठी नेहमीचे दार, असे त्यात लिहिलेले असते. हे नेहमीचे दार सामान्यतः एकच असावे. इंटरनेटच्या दोन जोडण्या असलेल्या ठिकाणी विशेष नियम न लिहिता दोन नेहमीची दारे ठेवली, तर प्रश्न एका दाराने जातो आणि उत्तर दुसऱ्याने येते. लिनक्स प्रणालीत अशी तपासणी करता येते की, आलेल्या पाकिटाचे उत्तर ज्या दाराने पाठवावे लागेल त्याच दाराने ते आले आहे काय. ही तपासणी कडक ठेवलेली असेल, तर आडवाटेने आलेले उत्तर टाकून दिले जाते. गंमत अशी की, दाराशी बसलेल्या पहारेकऱ्यास ते उत्तर आत येताना दिसते, पण गस्तवाल्याच्या हाती ते पडत नाही. अशा वेळी एक साधन म्हणते 'उत्तर आले' आणि दुसरे म्हणते 'आले नाही', आणि दोन्ही खरे असतात.

याच जातीचा दुसरा घोटाळा विचारलेल्या यंत्राच्या बाजूने होतो. समजा, त्या मध्यवर्ती संगणकास त्याच्या कार्यालयीन पत्त्यावर प्रश्न विचारला. पण त्याच्या तक्त्याप्रमाणे उत्तर दुसऱ्या दाराने निघाले आणि त्यावर त्या दुसऱ्या दाराचा पत्ता पडला. विचारणारा म्हणतो, 'मी या पत्त्यास काही विचारलेच नव्हते,' आणि उत्तर नाकारतो. पडद्यावर लाल दिवा लागतो. वास्तविक यंत्र धडधाकट असते. उपाय सोपा आहे. उत्तर देणाऱ्या सॉफ्टवेअरला एका निश्चित पत्त्याशी बांधून टाकावे, आणि गस्तवाल्याच्या वहीतही तोच पत्ता लिहावा.

पत्त्याशी बांधण्याच्या या गोष्टीतच सुरक्षिततेचा प्रश्न गुंतलेला आहे. कोणत्याही सॉफ्टवेअरला कोणत्या दाराशी कान लावावयाचा, हे सांगता येते. १२७.०.०.१ असे सांगितले, तर ते आतल्या दाराशीच ऐकते. शेजारच्या खोलीतील संगणकालाही ते सापडत नाही. सॉफ्टवेअर नीट चालू असूनही 'लागत नाही' अशी तक्रार येते, तिचे कारण पुष्कळदा हेच असते. उलट ०.०.०.० असे लिहिले, तर त्याचा अर्थ 'सर्व दारे' असा होतो, आणि त्यात रस्त्याकडचे दारही आले. घाईघाईने तक्रार मिटविण्यासाठी अनेक जण पहिल्याच्या जागी दुसरा आकडा लिहितात. काम सुरू होते, पण त्याबरोबर देखरेखीचा पडदा जगास उघडा पडण्याचा धोकाही पत्करला जातो. आपल्या शाळेच्या दाखल्यात योग्य उत्तर दोन्हींच्या मधले आहे. तिसऱ्या, म्हणजे कार्यालयाच्या दाराचा पत्ता लिहावा, आणि त्यावर चांगला पासवर्ड ठेवावा.

मोजमापाविषयीही एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक दाराला एक मोजणीयंत्र असते. आजवर किती बाइट गेले याचा आकडा ते ठेवते. जुन्या पद्धतीचा आकडा ३२ बिटांचा असतो. तो ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत गेला की पुन्हा शून्यावर येतो, जसे जुन्या मोटारीचे मैल दाखविणारे यंत्र येई. १०० मेगाबिट वेगाचे दार पूर्ण भरून वाहू लागले, तर ही फेरी सुमारे पावणेसहा मिनिटांत पुरी होते. १ गिगाबिटच्या दारावर ती अवघ्या ३४ सेकंदांत होते. गस्तवाला दर पाच मिनिटांनी येत असेल, तर मधल्या काळात आठ फेऱ्या होऊन गेल्याचे त्याला कळतही नाही, आणि तो निर्धास्तपणे अगदी लहान आकडा लिहून नेतो. जितकी गर्दी मोठी, तितका हिशेब चुकीचा, असा विलक्षण प्रकार होतो. म्हणून वेगवान दारांसाठी ६४ बिटांचा आकडा निवडावा. १ गिगाबिटच्या दारावर तो भरण्यास साडेचार हजार वर्षांहून अधिक काळ लागेल. त्याचबरोबर सर्व यंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली असावीत. नाही तर तीन दारांच्या तीन नोंदी शेजारी ठेवूनही आधी काय घडले व नंतर काय, हे सांगता येत नाही. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत घड्याळे जुळविण्यावर आणि नोंदी १८० दिवस जतन करण्यावर भर दिला आहे, तो याच कारणाने.

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येऊ. ती म्हणजे पहारेकऱ्याच्या मौनाचा अर्थ. सूचना आली नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असे मानण्याची मनुष्याची प्रवृत्ती असते. पण सूचना न येण्याची कारणे अनेक असतात. खरोखरच बिघाड नसेल. बिघाड असेल पण तो पहारा नसलेल्या दाराशी असेल. पहारेकरीच झोपला असेल, म्हणजे सॉफ्टवेअर बंद पडले असेल. किंवा त्याने हाक मारली असेल, पण ती आपल्यापर्यंत पोहोचली नसेल. हे शेवटचे कारण फार घडते. पहिल्या दाराची इंटरनेट जोडणी तुटली, ही वार्ता मोबाइलवर पाठवावयाची, आणि ती पाठविण्याचा मार्ग तीच तुटलेली जोडणी. नदीला पूर आल्याचे पत्र पलीकडच्या काठास नावेने पाठवावे, तसेच हे आहे. म्हणून धोक्याची हाक जाण्यास दुसरी वाट ठेवावी. मोबाइल कंपनीचे एक साधे सिमकार्ड त्यास पुरते. त्याहून चांगली युक्ती अशी की, बाहेरच्या एखाद्या विश्वसनीय ठिकाणास दर काही मिनिटांनी 'सर्व ठीक' असा निरोप पाठवीत राहावे, आणि निरोप थांबला की त्या ठिकाणाने आपणास कळवावे. रात्री गस्त घालणारा गुरखा काठी आपटीत जातो. त्या आवाजाने झोपमोड होत नाही. आवाज थांबला तर मात्र जाग येते.

मांडणी पुरी झाल्यावर ती तपासण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे. मुद्दाम बिघाड करून पाहावा. सुटीच्या दिवशी, सर्वांस आधी सांगून, पहिल्या दाराची तार काढावी. हाक येते काय, किती वेळाने येते, कोणत्या दाराचे नाव घेते, हे लिहून ठेवावे. मग ती जोडून दुसरी काढावी, त्यानंतर तिसरी. ज्या दाराची तार काढूनही दिवा हिरवाच राहिला, त्या दाराशी पहारा नाही हे निश्चित समजावे. ही कसोटी दर तीन-चार महिन्यांनी, आणि कोणतीही तार किंवा यंत्र बदलल्यावर अवश्य घ्यावी. आगीचा बंब गावात आहे एवढ्यावर समाधान मानता येत नाही. त्याला पाणी येते की नाही, हे आग लागण्यापूर्वी पाहावे लागते.

एक प्रश्न यंत्राच्या पलीकडचा आहे. पाकिटे न्याहाळण्याचे सामर्थ्य हाती आले, की कोणाची पाकिटे न्याहाळावीत याला मर्यादा हवी. आपल्या शाळेच्या कार्यालयीन दारावर शिक्षकांचे वेतन, मुलांचे निकाल, पालकांचे पत्ते यांची ये-जा असते. मजकूर कुलूपबंद असला, तरी कोण कोणत्या वेळी कोणत्या ठिकाणाशी बोलला, एवढ्यावरूनही माणसाच्या खाजगी आयुष्याचा पुष्कळ भाग कळू शकतो. दुसऱ्याच्या नेटवर्कवर परवानगीवाचून असा पहारा बसविणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे गुन्ह्यात मोडू शकते. आणि व्यक्तीच्या माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली संसदेने स्वतंत्र कायदा संमत केला आहे. कायद्याची गोष्ट बाजूस ठेवली, तरी सभ्यतेचा एक साधा नियम येथे लागू पडतो. पहारा बसविला आहे हे ज्यांच्यावर बसविला त्यांना सांगावे, ज्या प्रश्नासाठी बसविला तो सुटेपर्यंतच ठेवावा, आणि गरजेपेक्षा अधिक काही लिहून ठेवू नये. शेजारच्या घरातील बोलणे भिंतीतून ऐकू येऊ लागले, तर भला माणूस कान देत नाही. तोच संकेत येथे पाळावा.

कुंडी भंडाऱ्याची योजना ज्यांनी केली, त्यांनी पाणी जमिनीखाली लपविले. पण ते नजरेआड होऊ दिले नाही. ठराविक अंतरावर कुंड्या बांधून त्यांनी पुढच्या पिढ्यांच्या हाती पाहण्याची सोय दिली. संदेशांचे आजचे जाळेही असेच नजरेआड असते, आणि त्याच्या कुंड्या आपणांस स्वतः ठरवाव्या लागतात. शाळा असो, दवाखाना असो की लूमवाल्याची पेढी असो, जेथे जेथे अनेक दारांचा संगणक आहे तेथे त्याच्या शेजारच्या भिंतीवर एक कागद लावलेला असावा. त्यावर चार रकाने पुरेत : दार कोणते, तार कोठे जाते, त्या दाराशी पहारा कोणाचा, आणि त्या पहाऱ्यास काय दिसत नाही. पहिले तीन रकाने कोणीही माहीतगार मनुष्य अर्ध्या तासात भरील. चौथा भरताना त्याला थांबावे लागेल, विचार करावा लागेल, कदाचित उठून एखादी तार हाताने चाचपून पाहावी लागेल. तो रकाना जेथे प्रामाणिकपणे भरलेला असेल, तेथे अर्जाच्या शेवटच्या दिवशी हिरव्या दिव्याकडे पाहून कोणी स्वस्थ बसणार नाही. प्रयोगशाळेत जाऊन मुलांना विचारील, 'बाळांनो, तुमचे अर्ज पुढे सरकताहेत ना?'